दादाला लागायची होती ती नोकरी

आमच्या घरात नोकरी लागायची होती ती दादाला. यात कुणालाच शंका नव्हती, मला तर मुळीच नव्हती. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मालवणच्या कॉलेजात जाऊन बी. कॉम. झालेला. आमच्या वाडीतला तो पहिलाच पदवीधर.

कसालच्या तिठ्यापासून, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथून आत, तासभर चालत गेलं की आमचं घर. पुढे भाताची खाचरं, आमच्याकडचे कुणगे, वरच्या भरड माळावर काजू, घरामागे आंब्याची थोडी कलमं. बाबांनी आयुष्यभर नांगर धरला, पण मुलाने तो धरू नये असं त्यांना फार वाटायचं. लावणीच्या दिवसांत दादा कॉलेजातून घरी आला, तरी ते त्याला चिखलात उतरू देत नसत. "तू वयर बस. तुजा ह्यां काम न्हय," म्हणायचे. मी आईबरोबर गुडघाभर चिखलात असायची आणि दादा बांधावर बसून आम्हाला हसवायचा. एसटीच्या कंडक्टरपासून देवळातल्या गुरवापर्यंत कुणाचीही नक्कल त्याला जमायची. तो बोलायला लागला की वाकलेल्या बायका कंबर सरळ करून ऐकत राहायच्या. मग बाबाच ओरडायचे, "गप रव रे, लावणी व्हवची आसा."

त्या सुमाराला आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नव्या कार्यालयांत कारकून लागणारच, असं तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात जो तो बोलायचा. बाबा बाजाराला गेले की तेवढंच ऐकून यायचे आणि घरी येऊन दादाला सांगायचे. कारकुनाला टायपिंग यावं लागतं म्हणून दादाने कुडाळला टायपिंगचा क्लास लावायचं ठरवलं. तेव्हा आई म्हणाली, "बायचा नाव पण घाल. लगनाच्या येळी सांगूक बरां पडतला."

माझ्या टायपिंगची सुरुवात अशी झाली. मी बारावी होऊन घरी बसले होते. स्थळं यायला लागली होती आणि 'मुलीला टायपिंग येतं' हे वाक्य आईच्या कानाला गोड वाटत होतं. त्यापलीकडे कुणी काही मनात धरलं नव्हतं.

क्लास एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत होता. मशीनं सगळी जुनी. माझ्या मशीनचं एक अक्षर दाबलं की वर येतच नसे, ते नखाने उचलावं लागायचं. शिकवणारे मास्तर आमच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, म्हणजे बोटांकडे बघता येऊ नये. दादाचा हात पहिल्यापासून जलद. मला मात्र काही केल्या वेग येईना. घरी मशीन नव्हतं, म्हणून दादाने जेवायच्या पाटावर खडूने सगळी अक्षरं काढली. संध्याकाळी आम्ही खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसायचो. तो जुन्या वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचायचा आणि मी पाटावर बोटं आपटायची. चुकले की त्याला बरोबर कळायचं. "परत. त्या 'क्ष'क तू घाबरतंस," म्हणायचा. आई आतून विचारायची, "पाटार बडवून काय येतला रे तुमका?"

टायपिंगची सरकारी परीक्षा आम्ही दोघं पास झालो. मग दादा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायला निघाला तेव्हा मलाही घेऊन गेला. मी म्हटलं, "माजा कशाक?" तर म्हणाला, "ऱ्हवां दे गो. नाव आसला तर काय बिघाडता?" माझा अर्ज त्यानेच भरला. माझं अक्षर लहान येतं म्हणून.

पुढे काही महिन्यांनी दोघांनाही परीक्षेचं आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी दादासाठी नवी पॅन्ट शिवून घेतली. मी आईची अबोली रंगाची साडी नेसले. दोघं एकाच एसटीने गेलो. टायपिंगच्या परीक्षेत दादा माझ्या आधी कागद काढून मोकळा झाला. मला ते शेजारून दिसलं आणि बरं वाटलं.

मुलाखतीला दादाला आधी बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. दादा आत असला की लोक हसणारच, म्हणून मला वाटलं काम झालं. तो बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभा राहिला. लगेच माझं नाव पुकारलं म्हणून मला काही विचारता आलं नाही.

मुलाखत घेणारे साहेब घाटावरचे होते. मी इतकी घाबरले होते की मला माझं असं काही सुचेचना. शाळेच्या पुस्तकात आणि रेडिओवरच्या बातम्यांत जसं बोलतात तसंच तोंडातून येत गेलं. "मला शासकीय सेवेची आवड आहे," असलं काहीतरी मी बोलले. साहेब मान हलवत होते.

येताना एसटीत दादाने सगळं सांगितलं. साहेबांनी त्याला विचारलं होतं, सध्या काय करता. तो म्हणाला, "बापाशीक शेतीत मदत करतंय." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "इथे येणाऱ्या लोकांशी तुम्ही असंच बोलणार का?" शेजारचे दोघं हसले. त्यानंतर दादाला पुस्तकी मराठीतलं एक वाक्य धड जुळवता आलं नाही. कॉलेजात शिकलेला मुलगा, पण कॉलेजातही तो मालवणीतच बोलायचा. सगळेच बोलायचे. त्याने साहेबांची इतकी हुबेहूब नक्कल केली की पुढच्या सीटवरचा माणूस वळून हसला. मीही हसले. तेव्हा ती हसण्यासारखीच गोष्ट वाटली होती.

पोस्टमन आला तेव्हा दादा खळ्यात शेण सारवायला पाणी आणून देत होता. पाकीट त्यानेच घेतलं. बाबांना सरकारी मराठी वाचता यायची नाही, म्हणून घरात येईल तो कागद दादाच वाचून दाखवायचा. बाबा पडवीतून उतरून आले. दादाने कागद उघडला, थोडा वाचला आणि थांबला. मग माझ्याकडे बघून हसला.

"बाय, तुजा झाला," म्हणाला.

बाबांनी विचारलं, "आणि तुजा?"

"माजा येतला. सगळ्यांचा एका दिसात खंयचा येता?"

आईने आतून साखर आणून माझ्या हातावर ठेवली, मग दादाच्या हातावर ठेवायला गेली आणि मधेच तिला काय वाटलं कोण जाणे, ती तशीच उभी राहिली. दादाने स्वतःच हात पुढे केला.

नंतर कित्येक दिवस बाबा पोस्टमनची वाट बघायचे. तो दुसऱ्या घराकडे वळला तरी हाक मारून विचारायचे, "आमचा काय नाय मा रे?" शेवटी दादाच एकदा त्यांना म्हणाला, "बाबा, तेका इचारू नका आता. तेका तरी किती सांगूक लावतलात?"

माझं कार्यालय कुडाळला भाड्याच्या इमारतीत होतं. सकाळी दादा मला सायकलवरून तिठ्यापर्यंत सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. चढ आला की दोघं उतरून चालायचो. मला तेव्हा ऑफिसातलं सगळं नवीन होतं. येताना मी त्याला एकेक सांगत सुटायची. आमचे हेडक्लार्क डब्यातलं आधी दुसऱ्यांना देऊन मग स्वतः जेवायचे. एक साहेब पाऊस बघून घाबरायचे, त्यांच्या गावाला असला पाऊस कधी झालाच नव्हता. माझ्या टेबलाचा एक पाय तोकडा, त्याखाली मी चिऱ्याचा तुकडा ठेवला होता. दादा सगळं लक्ष देऊन ऐकायचा, मधेच प्रश्न विचारायचा. "मगे तो काय म्हणालो? उठलो काय बसानच रवलो?" घरी पोचेपर्यंत त्याने हेडक्लार्कांची नक्कल बसवलेली असायची. त्यांना कधी बघितलेलं नसताना. आई तोंडाला पदर लावून हसायची.

ते दिवस मला अजून चांगले वाटतात. त्याला ते कसे वाटत असतील याचा विचार मी नंतर केला. तिठ्यावर त्याला ओळखणारे पुष्कळ. बी. कॉम. झाला तेव्हा हेच लोक त्याला हाक मारून चहा पाजायचे. आता ते विचारायचे, "काय रे, बहिणीक न्हेवक इलंस?" त्यात खोच नसायची. तो खरोखरच बहिणीला न्यायला आलेला असायचा.

त्याने आणखी परीक्षा दिल्या. एकदा मुंबईलाही जाऊन आला. कुठे काही जमलं नाही. मधल्या काळात तो शेतीत उतरला होता आणि बाबा आता त्याला चिखलात जाऊ नको म्हणत नव्हते.

आमच्या गोठ्याचं छप्पर मोडकळीला आलं होतं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी विषय काढला. पडवीत आम्ही तिघं होतो. दादा बाबांच्या अगदी शेजारी बसून कोयतीला मूठ बसवत होता. बाबा त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, काय करूया गो? नळे घालूया काय यंदा गवतारच भागवूया?"

मला नळ्यांतलं, कौलांतलं काय कळत होतं? छपरावर चढणारा दादा, वासे कुठले कुजलेत ते माहीत असणारा दादा. मी म्हटलं, "दादाक इचारा." बाबा म्हणाले, "तेका काय इचारूचा? तू सांग." बाबांचा स्वभाव तोडून बोलण्याचा नव्हता. तेही ते सहजच बोलून गेले, आणि म्हणूनच ते लागलं असावं. दादाने मूठ ठोकून पुरी केली, कोयती भिंतीला लावली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो गोठ्यातच काहीबाही करत राहिला.

आणखी एक गोष्ट. ऑफिसात दिवसभर प्रमाण मराठी बोलायची सवय झाली आणि ती हळूहळू घरात शिरली. एकदा मी आईला म्हणाले, "मला थोडं पाणी दे." दादा उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "होय बाईसाहेब, आत्ता देतो." सगळे हसलो. असं दोन-चार वेळा झालं. नंतर माझ्या तोंडून तसं काही निघालं तर तो नुसता बघायचा, आणि उठून मुकाट्याने पाणी आणून द्यायचा.

माझं लग्न ठरलं ते मालवणजवळच्या एका गावातल्या शिक्षकाशी. नोकरीवाली मुलगी म्हणून स्थळाला फार शोधावं लागलं नाही. टायपिंग येतं हे सांगायचीही वेळ आली नाही. मांडवाच्या कामापासून जेवणावळीपर्यंत सगळं दादाने अंगावर घेतलं. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायची रीत असते. दादाने तो इतका वेळ धरून ठेवला की भटजीही हसले. "सांभाळतलंस मा?" त्याने विचारलं. माझ्या नवऱ्याने हो म्हटल्यावरच सोडला. कान लाल झाला होता.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी विहिरीवर पाणी काढत होते. दादा आला, माझ्या हातातली दोरी घेतली आणि कळशी भरता भरता म्हणाला, "मी गोंयाक जातंय. वाडीतलो एकजण थंय हॉटेलात आसा, तेणी जागा बघल्यान. बाबांक तू सांग."

"मी कित्याक? तूच सांग."

"तुजा आयकतत."

मी म्हटलं, "थांब ना थोडो. आणखी काय तरी बघूया."

"कित्याक थांबू?" त्याने अगदी साधं विचारलं. त्याला खरंच माझ्याकडून काही कारण मिळालं असतं तर हवं होतं असं मला वाटतं. घरात त्याची गरज होती, पण ती म्हणजे शेतीला माणूस हवा होता. ते कारण मी त्याला देऊ शकत नव्हते.

मी बाबांना सांगितलं. ते पान लावता लावता म्हणाले, "बी. कॉम. करून कपबशे धुवूक?" दादा दारामागे होता. त्याने ऐकलं हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं.

गोव्यात त्याचं चांगलं झालं, हे आधी सांगायला हवं. कपबशा त्याने थोडेच दिवस धुतल्या. किनाऱ्यावरचं हॉटेल, देशोदेशीचे लोक यायचे, आणि माणसांशी बोलायला दादासारखा माणूस त्यांना कुठे मिळणार? मालवणी बोलणाऱ्याला कोकणी यायला वेळ लागत नाही. तिथे त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. इंग्रजीही तो ऐकून ऐकून शिकला. जेवणघराची सगळी देखरेख त्याच्याकडे आली. चतुर्थीला घरी यायचा तेव्हा अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट असायचा, आणि आईसाठी, माझ्यासाठी काहीतरी आणलेलं. आरतीला त्याचा आवाज सगळ्यात वर. बाबा त्याच्याशी बोलायचे, पण पाहुण्याशी बोलावं तसं. "गाडयेक गर्दी होती?" एवढंच.

मग त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं. मुलगी चांगल्या घरची होती. तिच्या गावच्या देवळात थोडक्यात लग्न झालं. आईबाबा जाऊन आले. माझ्या पहिल्या बाळंतपणाची वेळ अगदी तोंडावर आली होती, म्हणून मला जाता आलं नाही. भावाच्या लग्नाला मी नव्हते.

मुलगा वर्षाचा झाल्यावर मी त्याला घेऊन एकटीच दादाकडे गेले. म्हापशाला तो स्टँडवर आला होता. भाच्याला त्याने माझ्याकडून असं ओढून घेतलं की पोर रडायला लागलं, आणि दादाने लगेच त्या रडण्याची नक्कल केली. पोर गप्प होऊन बघत राहिलं. वाटेत तो सारखा बोलत होता. त्याचं घर दोन खोल्यांचं, पुढे तुळस, मागे माड. वहिनी गोरी, ठेंगणी, फार प्रेमळ. तिचे वडीलही त्या दिवशी आले होते, मला बघायला म्हणूनच.

जेवणं झाली. दादा बाटलीतलं थंड आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. वहिनीचे वडील खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि कोकणीत विचारू लागले. मला सगळं कळत होतं.

"तुजो भाव पयलीं थंय सरकारी ऑफिसांत आशिल्लो न्ही?"

मला वाटलं, सरकारी ऑफिसात आहे ती मी, यांची गल्लत होतेय. मी दुरुस्त करणार एवढ्यात वहिनी हसत म्हणाली, "दिसभर खुर्चेर बसून कंटाळो येतालो खंय तांकां. म्हणून सोडली नोकरी." आणि मग ती सांगत गेली. पाऊस बघून घाबरणारे साहेब. आधी दुसऱ्यांना वाढणारे हेडक्लार्क. टेबलाचा तोकडा पाय आणि त्याखालचा चिऱ्याचा तुकडा. तिने एकही गोष्ट चुकवली नाही. तिठ्यावरून घरी येताना मी त्याला जे जे सांगितलं होतं, ते सगळं तिच्या तोंडून मी ऐकत होते. तिचे वडील कौतुकाने मान डोलवत होते. सरकारी नोकरी सोडून आलेला जावई म्हणजे त्यांना मोठाच वाटत असणार.

दादा दारात उभा होता. हातात बाटल्या. किती ऐकलं होतं त्याने कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून सगळं ऐकलं असावं. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "हो. त्याचं मन नाही रमलं तिथे."

वहिनी म्हणाली, "पळय, हांवें म्हटलें न्ही?" आणि दादाच्या हातातल्या बाटल्या घेऊन आत गेली.

स्टँडवर सोडायला दादा आला तेव्हा सकाळसारखा बोलत नव्हता. मुलगा त्याच्या खांद्यावर झोपला होता. गाडी लागली. तो म्हणाला, "बाय, तां..." आणि थांबला.

मी म्हटलं, "असू दे रे."

त्याने मान हलवली आणि मुलाला हळूच माझ्याकडे दिलं. गाडी बांद्याच्या पुढे येईपर्यंत मला वाटत होतं, आपण चांगलं केलं, भावाची लाज राखली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही म्हणाला, बरोबर केलंस.

त्या वर्षी दादा चतुर्थीला आला नाही. मोसम तोंडावर आलाय, सुट्टी नाही, असा निरोप आला. पुढच्या वर्षीही आला नाही. आई मला विचारायची, "तुमचा काय बोलणा झाला काय गो?" मी नाही म्हणायची, आणि ते खरंच होतं. बोलणं झालं नव्हतं.

मी पुष्कळदा मनाशी ती दुपार वेगळी करून बघितली आहे. तो दारात असताना मी हसून म्हणाले असते, "दादा, अरे चोरा, ही तर माझी नोकरी," आणि तोही हसला असता, एखादी नक्कल करून वेळ मारून नेली असती, कदाचित सासऱ्यासमोर त्याची फजिती झाली असती. पण आम्ही दोघं एका बाजूला राहिलो असतो. माझ्या 'हो'ने मी त्याच्या बाजूची झाले असं मला वाटलं होतं. त्याला मात्र मी मुलाखतीतल्या त्या साहेबांच्या शेजारी बसलेली दिसले असेन. हे माझं म्हणणं. त्याला मी कधी विचारलेलं नाही.

आई आजारी पडली तेव्हा तो पहिल्या गाडीने आला. वहिनीला दिवस गेले होते, म्हणून एकटाच आला. आईच्या उशाशी बसून राहायचा. तिला भाताची पेज त्यानेच भरवली शेवटपर्यंत. आईने त्याला विचारलं, "रवतलंस मा आता?" तो म्हणाला, "रवतंय गे." ते तिच्यासाठी होतं, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. आई गेली, आणि बारावं होईपर्यंत तो राहिला. बाबांनी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "रव हयसर. कलमां आसत, काजी आसत. माझ्यान आता होवचा नाय." बाबांनी त्याला काही मागितलं असं त्या आधी मी कधी ऐकलं नव्हतं. दादा म्हणाला, "बाबा, थंय माझा घर आसा."

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या दारी बसलो होतो. काजूच्या बिया वाळवून ठेवल्या होत्या, त्या पोत्यात भरत होतो. मी न राहवून विचारलं, "माझ्यार रागावलंस?"

"नाय गो."

"मगे येणस नाय कित्याक?"

तो बिया भरता भरता म्हणाला, "तुका नोकरी लागली तां बरांच झाला. माका तेचो राग नाय, तेव्हाय नव्हतो. पण हयसर माका बसाक जागा रवली नाय. आणि तू कधी वायट वागलंस नाय. वायट वागली असतंस तर भांडाक तरी इला असता."

मी रडले. त्याने पोत्याचं तोंड बांधलं आणि पोतं उचलून आत नेऊन ठेवलं. सकाळी मी त्याला तिठ्यापर्यंत पोचवायला गेले. गाडीची वाट बघताना आम्ही वहिनीच्या तब्येतीबद्दल बोललो.

बाबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. जमीन दुसऱ्यांना कसायला दिली, घर मी अधूनमधून जाऊन उघडते. माझी नोकरी पुरी होऊन मी निवृत्त झाले, पेन्शन मिळते. दादाने पुढे स्वतःची खानावळ काढली, ती आता त्याचा मुलगा चालवतो. त्याची मुलं माझ्याशी कोकणीत बोलतात, माझी त्यांच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे बोलणं लवकर संपतं. दादाचा फोन चतुर्थीला न चुकता येतो. नैवेद्याला काय केलं ते तो विचारतो, मी सांगते. गुडघ्यांची चौकशी होते. मग कुणीतरी एकजण "ठेवतंय मगे" म्हणतो. नकला तो अजून करतो असं वहिनी सांगते. मी ऐकल्या नाहीत बरीच वर्षं.

मागच्या फोनवर मी त्याला म्हटलं, "दादा, मे महिन्यात चार दिस घराकडे येतंस काय? मी पण येतंय. दोघांच रवूया."

तो म्हणाला, "बघूया."

आमच्याकडे बघूया म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. तरी मी वाडीतल्या एकाला सांगून घराभोवतालचं रान काढून घेतलं, आणि विहीर उपसायला लावली.